धरलेली बाही

टिल्लू सहा फूट उंच होता. पाळण्यात असताना कुणीतरी हे नाव ठेवलं, पुढे पोरगा ताडमाड वाढला, पण नाव काही सुटलं नाही. चाळिशी उलटली, शाळेत भूगोल शिकवून शिकवून घसा बसला, कपाळ मागे सरकलं, तरी घरात तो टिल्लूच. त्याला या नावानं हाक मारायचा पहिला मान त्याच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईचा. आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि ताईला मूलबाळ नव्हतं. माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते टिल्लूचं दोन खोल्यांचं घर, त्याची बायको आणि त्यांची शाळकरी मुलगी. ताई तिथे मनात येईल तेव्हा जायची, न विचारता डबे उघडायची आणि भाचीला खांद्यावर टाकून तरणतलावावर न्यायची. तिचा सगळा जीव त्या घरात होता. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

ताई पोहायला शिकवायची. शहराच्या तलावाच्या काठावर शिट्टी गळ्यात अडकवून उभी राहण्यात तिची अर्धी हयात गेली होती. दंड भरलेले, आवाज खणखणीत आणि नियमांच्या बाबतीत अगदी हट्टी. बुडणाऱ्याच्या मागे उडी मारायची नाही, हा तिचा पहिला धडा. काठी टाका, दोर टाका, टायर टाका, पण स्वतःला टाकू नका. पोरांच्या तोंडून ती हे इतक्या वेळा घोकून घ्यायची की आयाबायांचे कान किटायचे.

तिच्या नवऱ्याचं गाद्यांचं दुकान. आता गादीवर बसणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं, म्हणून टिल्लूनं लग्नाच्या वर्षीच त्याचं नाव महाराज ठेवलं आणि ते चिकटलं. महाराज माणूस वाईट नव्हता. खर्चाला सढळ, पाहुण्यांना हवाहवासा, फक्त तोंडाला खळ नव्हती. कुठलीही गोष्ट त्याच्या तोंडून निघाली की निदान दीडपट होऊनच निघायची, आणि त्या गोष्टीत मधोमध महाराज उभे असायचे. ताई सवयीनं मान डोलवायची. एवढ्या वर्षांत तिनं त्याला एकदाही चारचौघांत खोटं पाडलं नव्हतं.

दक्षिणेकडच्या द्राक्षांच्या मुलखात दोन दिवस भटकायचं, हा बेतही त्याचाच. मोठमोठे कारखाने नकोत, तिथं लोकांना मेंढरांसारखं हाकतात. लहान लहान वायनरी बघायच्या, मालकाशी गप्पा मारायच्या, घोट घोट चाखायचं, घाई कशाचीच नाही. भावजय वाइनला शिवत नव्हती, तेव्हा गाडी तिच्याकडे. पोरगी आजोळी ठेवली आणि चौघं शनिवारी सकाळी निघाले.

शनिवार खरोखर मजेत गेला, हे सांगायलाच हवं. उतारांवर वेलींच्या रांगा, पानं कडेनं तांबूस व्हायला लागलेली, रस्त्यात द्राक्षांनी भरलेले ट्रॅक्टर. पहिल्या ठिकाणी मालकिणीनं चाखून झालेली वाइन थुंकायला एक बादली पुढे केली, तर टिल्लू म्हणाला, "बाई, एवढ्या प्रेमानं दिलेलं थुंकायचं? मला आमच्या आईनं असं वळण लावलेलं नाही." आणि पेला रिकामा करून तो बादलीला नमस्कार करून मोकळा झाला. दुसऱ्या ठिकाणी त्यानं बहिणीसाठी एक बाटली घेतली. रात्री एका बेकरीवरच्या खोल्यांत मुक्काम झाला. पहाटे पावाच्या वासानं सगळ्यांना भुकेनं जाग आली, आणि भावजय म्हणाली की लग्नानंतर इतकी छान झोप पहिल्यांदाच लागली.

रविवारी दुपारी शेवटची वायनरी. अगदी छोटी. एक मालक, एक कामगार, दगडी शेड आणि शेडच्या पोटात तळघर. मालक एकटा राहणारा, बोलायला माणूस मिळालं की खुलणारा. त्यानं चौघांना खाली नेलं. जिना अरुंद होता, टिल्लूला वाकून उतरावं लागलं. खाली उघड्या टाक्यांमधून नवा रस फसफसत होता, वर जांभळा फेस आला होता, आणि कोपऱ्यात एक भला मोठा पंखा घरघरत होता.

"हा कशाला?" ताईनं विचारलं.

"रस आंबताना वायू सुटतो," मालक म्हणाला. "हवेपेक्षा जड, खाली साचतो. दिसत नाही, कळत नाही, माणूस उभ्याचा आडवा होतो. पंखा चालू आहे तोवर काही भीती नाही."

टिल्लूनं चष्मा काढून एका पिंपावर ठेवला आणि टाकीवर वाकून फेस बघितला. मग सगळे वर आले.

अंगणात लाकडी टेबल होतं. मालकानं चीज, पाव आणि तीन-चार बाटल्या मांडल्या. महाराजांनी खोकाभर बाटल्या विकत घेतल्या, त्यामुळे मालकही खूश. पण तळघराच्या झरोक्यातून पंख्याची घरघर थेट टेबलावर येत होती, आणि महाराजांच्या गोष्टी कुणाला ऐकू येईनात.

"अहो मालक, तेवढा तो पंखा बंद करा की," महाराज म्हणाले. "डोकं उठलं. इथं निवांतपणासाठी आलोय आम्ही."

मालक घुटमळला. खरेदी केलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं असावं. "थोडा वेळ करतो," तो म्हणाला, "पण खाली कुणी जाऊ नका." त्यानं खटका दाबला. अंगण एकदम शांत झालं, पाखरं ऐकू यायला लागली. तेवढ्यात मागच्या बाजूला द्राक्षांचा ट्रॅक्टर आला आणि मालक कामगाराला घेऊन तिकडे गेला.

थोडा वेळ म्हणता म्हणता बराच वेळ गेला. शांततेची माणसाला चटकन सवय होते. पंखा बंद आहे हे कुणाच्या डोक्यातही उरलं नाही. महाराज दुकानात शिरलेल्या चोराची गोष्ट सांगत होते. भावजय लेकीला फोन करायला गाडीपाशी गेली. टिल्लूनं खिसे चाचपले, कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "चष्मा खालीच राहिला. हा आलोच." ताईनं ते ऐकलं. ऐकून मान हलवली आणि पावाचा तुकडा मोडला. पुढे आयुष्यभर तिला तो पावाचा तुकडा आठवायचा होता.

खालून काहीतरी धपकन पडल्याचा आवाज झाला.

दोघं दाराशी धावली. दिवा चालू होता. जिन्याच्या पायथ्याशी टिल्लू कुशीवर पडला होता, एक हात अंगाखाली, लांब पाय शेवटच्या पायरीवर तसेच राहिलेले. चष्मा डोळ्यांवर होता.

"टिल्लू!" महाराज ओरडले आणि त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

ताईच्या डोक्यात काही यायच्या आत तिचा हात पुढे गेला. "थांबा! वायू आहे!" सहलीसाठी मुद्दाम घेतलेल्या त्यांच्या ढगळ सदऱ्याची बाही तिच्या मुठीत आली. दंड नव्हे, मनगट नव्हे, नुसती बाही. महाराज थांबले.

आणि तेवढ्यात भावजय आली. तिनं मागून पाहिलं ते एवढंच, भाऊजी उतरताहेत आणि ताईंनी त्यांना धरलंय. मग तिला खाली नवऱ्याचे पाय दिसले. ती किंचाळून सरळ जिन्यावर झेपावली. ताईनं बाही सोडली, तिला मागून कवेत धरलं आणि उचलून मागे ओढलं. भावजय लाथा झाडत होती. "सोडा मला! ते पडलेत तिथं! सोडा!" ती ताईच्या मनगटाला कडकडून चावली. ताईनं सोडलं नाही. बुडणारी माणसं नखं मारतात, चावतात, केस उपटतात. तेव्हा सोडायचं नसतं, हेही ती शिकवत आली होती.

भावजयीच्या खांद्यावरून तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

महाराज पहिल्या पायरीवर उभे होते. आता त्यांना कुणीच धरलेलं नव्हतं. दोन्ही हात बाजूला लोंबत होते, डोळे खाली लागले होते आणि पाय जागच्या जागी खिळले होते. तो क्षण काही लहान नव्हता. उतरायचं म्हटलं असतं तर उतरता आलं असतं.

"अहो, पंखा!" ताई ओरडली. "पंखा लावा! मालकाला बोलवा!" तिला दुसऱ्यांदा ओरडावं लागलं. तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा ते वळले आणि मागच्या बाजूला धावत सुटले.

मालक पांढराफटक होऊन आला. त्यानं खटका दाबला, तळघराचं उताराकडचं खालचं दार उघडलं आणि नाकाला फडकं लावून आत जायला निघाला, तर कामगारानं त्याला मिठी मारून थांबवलं. जवळच्या गावातून हवेच्या नळकांड्या पाठीवर बांधलेले अग्निशमनवाले आले. तोपर्यंत ताई भावजयीला तशीच धरून जमिनीवर बसली होती. टिल्लूला वर आणलं तेव्हा त्याला उचलायला चौघं लागले. त्याच्या छातीवर बराच वेळ दाब देत राहिले. मग दाब देणारा उठला आणि त्यानं हातमोजे काढले.

त्यांच्या प्रमुखानं जाता जाता ताईला गाठलं. "बाई, तुम्ही धरून ठेवलंत म्हणून एकच. नाहीतर अशा ठिकाणाहून आम्ही दोन-दोन, तीन-तीन माणसं काढतो." बोलणारा चांगल्या मनानं बोलला. पण ते वाक्य महाराजांनी ऐकलं.

गावातल्या छोट्या हॉस्पिटलात पोलिसांनी विचारलं, तेव्हा ते पहिल्यांदा म्हणाले, "मी उतरतच होतो. हिनं मला धरलं." पंख्याबद्दल म्हणाले, मालकानं बंद केला होता. खोटं त्यातलं काहीच नव्हतं. ताई शेजारी बाकावर बसून मनगटावरचे दातांचे वण बघत होती. समोरच्या बाकावरून भावजय तिच्याकडे बघत होती.

परत येताना गाडी ताईनं चालवली. भावजयीचे भाऊ तिला वेगळ्या गाडीनं घेऊन गेले होते. महाराज सगळी वाट रडत होते, आणि ते रडणं खरं होतं, टिल्लूवर त्यांचा जीव होताच. ताईला त्यांचा राग येत नव्हता. ते उतरले असते तर तिनं दोघांना गमावलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यांचे पाय हलले नाहीत यात त्यांचा काय दोष? तिला फक्त एवढंच हवं होतं की त्यांनी एकदा, बंद गाडीत, तिच्यापाशी म्हणावं, माझे पाय हलले नाहीत गं. ती म्हणाली असती, बरं झालं. पण ते रडत राहिले आणि ती रस्ता बघत राहिली.

टिल्लूच्या घरी माणसांची रीघ लागली. शाळेतले मास्तर, शेजारी, जुने मित्र. महाराज दाराजवळच्या खुर्चीवर बसून प्रत्येकाला तेच सांगत. पहिल्या दिवशी बाही होती, दुसऱ्या दिवशी बाहीचा दंड झाला, तिसऱ्या दिवशी हिनं मला कवेत घेऊन मागे खेचलं. "माझ्या आणि त्याच्या मध्ये ही उभी राहिली हो," असं म्हणून ते डोळे पुसत. ऐकणारे ताईकडे वळत. काही म्हणत, योग्य केलंत. काही काहीच म्हणत नसत. ताई स्वयंपाकघरात जाऊन कप विसळत बसे. त्या ढगळ सदऱ्याची बाही तिला अजून बोटांत जाणवायची. तेवढ्यानं पोहायला आलेलं पोरही अडत नाही, हात झाडून पळतं.

आठवड्यानं गर्दी ओसरली. बैठकीच्या खोलीत तिघंच उरले. भाची आत झोपली होती. भावजय इतक्या दिवसांत ताईशी एक शब्द बोलली नव्हती. आता ती समोर येऊन उभी राहिली.

"ताई, तुम्ही केलंत ते बरोबरच होतं, असं सगळे सांगतात," ती म्हणाली. आवाज अगदी थंड होता. "असेल. मला अक्कल नाही तेवढी. पण तुम्ही आत आलात की मला तुमचे हात दिसतात. पोरगी विचारते, आत्यानं बाबांना आणू का दिलं नाही? मी काय सांगू? तुम्ही आता इकडे येऊ नका."

"किती दिवस?" ताईनं विचारलं. एखाद्या पोरीनं विचारावं तसं.

"मला नाही माहीत."

ती महाराजांकडे वळली, आणि तिचा आवाज मऊ झाला. "भाऊजी, तुम्ही मात्र येत जा. तुम्ही जिन्यावर उतरत होतात, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्यासाठी जिवावर उदार झालेलं एक तरी माणूस होतं तिथं. पोरीला मी हे सांगणार आहे. तेवढ्यावरच तर तग धरून आहे मी."

ताईच्या ओठांवर शब्द आले होते. मी तुला धरायला त्यांना सोडलं होतं. ते तसेच उभे होते, तू बघितलं नाहीस. दोन वाक्यं बोलली असती तर आपलं माणूस गमावून बसलेल्या या बाईच्या हातातला शेवटचा आधारही गेला असता. ते ताईच्यानं होईना. बोलायचं तर एकच माणूस बोलू शकत होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. आता ती उघड उघड मागत होती, आणि ते त्याला कळत होतं. त्याचे डोळे एकदा तिच्या डोळ्यांना भिडले, मग फरशीवर गेले.

महाराजांनी घसा खाकरला.

"येत जाईन," ते म्हणाले.