मागचं पायडल

श्यामसुंदर गुप्ते यांच्याजवळ बढाई मारण्याजोगी गोष्ट एकच होती, आणि ती त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवली नव्हती. वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करणारे ते भिडस्त गृहस्थ. चारचौघांत घसा खाकरायलाही कचरायचे. पण मनात मात्र एक पक्कं होतं: आपली वसुधा आज मरोळच्या शाळेची हेडबाई आहे, ती माझ्या पायांच्या जोरावर.

अठ्ठेचाळीस साली विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांना ती जोडसायकल मिळाली. पुढे साहेबासाठी उंच आडवा दांडा, मागे मडमेच्या झग्यासाठी खाली वाकवलेला. नऊ वर्षं रोज सकाळी श्यामसुंदर पुढे आणि पातळ सावरून वसुधाबाई मागे, असे दोघे अंधेरीहून मरोळला जात. शाळेत शिकवता शिकवता बाई तेव्हा शिक्षकी परीक्षांचा अभ्यास करत होत्या. हे पुढून प्रश्न विचारत, त्या मागून उत्तरं देत. रस्त्यावरची पोरं "उंट आला रे!" म्हणून ओरडत.

सत्तावन्नच्या दिवाळीनंतर पुढचा दांडा जोडाशी तडकला.

"अण्णा, रविवारी दोन नव्या सायकली आणतो," नुकताच नोकरीला लागलेला त्यांचा मुलगा नंदू म्हणाला. "हा उंट दुकानदार मोडीत घेईल."

"दुरुस्त होईल की रे."

"दुरुस्त? वाट लागलीय तिची! आणि आई आता हेडबाई झाली ना? आपली आपण जाईल झकास."

'आपली आपण' हे शब्द श्यामसुंदरांना रुतले. ही एकटी जाऊ लागली, म्हणजे आपण हिला शाळेत पोचवत होतो याची खूण ती काय उरणार?

"सहदेवला दाखवा तरी आधी," वसुधाबाई म्हणाल्या.

शनिवारी श्यामसुंदर सायकल ढकलत मरोळ नाक्यावर सहदेवच्या दुकानात गेले. सहदेव मूळचा मालवणकडचा. त्याने दांडा पाहिला, मग पुढची नि मागची पायडलं खोलली, आतले छर्रे काढून कागदावर मांडले, आणि एकदम गालात हसला.

"गुप्तेसायेब, राग नाय ना येवचो?"

"बोल."

"ह्यां फुडचां बघा. सायबान दिल्यान तसां नवांकोरां आसा. आणि ह्यां मागचां! छर्रे फुटले, रबर झिजान लोखंड दिसता. इतकी वर्सां गाडी कोणी हाकल्यान, तां माका सांगूक नको."

श्यामसुंदर कागदाकडे बघतच राहिले. पुढचे छर्रे मोत्यांसारखे चकचकीत होते. नऊ वर्षं पाय फिरत होते, म्हणून त्यांना वाटलं होतं की आपणच फिरवतोय. कान कोंबड्याच्या तुऱ्यासारखे लाल झाले. तोंड कुठे लपवावं कळेना. तेवढ्यात शाळा सुटून वसुधाबाईच दुकानाशी येऊन उभ्या राहिल्या.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी मागचं पायडल पुढे केलं.

वसुधाबाईंनी ते हातात घेऊन पाहिलं. "पहिल्याच वर्षी कळलं. चढ लागला की तुमचा प्रश्न लांबायचा. तो संपेपर्यंत चढ संपलेला असायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही पाय मारत बसला असता. मग प्रश्न कोणी विचारले असते? अहो, पाय मलाही होते. पुस्तकं सगळी तुमच्या डोक्यात होती."

श्यामसुंदरांनी पुन्हा ते झिजलेलं पायडल पाहिलं. दोन माणसांचं ओझं ओढत, चढावर धापा न टाकता, हिने अख्खा अभ्यासक्रम तोंडपाठ म्हणून दाखवला होता! असा हेडमास्तर उभ्या मुंबईत दुसरा दाखवा. मघाची लाज कुठल्या कुठे पळाली आणि छाती अशी भरून आली, जशी स्वतःच्या बढाईनेही कधी आली नव्हती.

"मगे काय करूचां?" सहदेवने विचारलं. "मोडीत?"

"मुळीच नाही. दांडा बदल. पण आडवा नको, मागच्यासारखा वाकवून बसव."

"तुमका तसो कित्याक?"

"मला नाही, हिला. ही पुढे बसणार."

"अहो, मला हँडल जमेल का?" वसुधाबाई दचकल्या.

"तीनशे पोरं जमतात ना?"

"दांड्याक दोन नळये लावतंय, परत मोडूचो नाय," सहदेव म्हणाला. "वैनी, बिनघोर बसा."

नंदूला त्यांनी सांगितलं, नवी एकच आण, तुझ्यापुरती. वसुधाबाई शाळेच्या मैदानात आठवडाभर हँडल शिकल्या. दोनदा कुंपणात शिरल्या, पण शिकल्या.

मग एका सोमवारी उंट पुन्हा रस्त्यावर आला. नाक्यावरच्या हॉटेलातून कुणीतरी ओरडलं, "काय गुप्ते, आज बायकोच्या मागे?"

जन्मात रस्त्यावर कधी आवाज न चढवलेले श्यामसुंदर ओरडले, "नऊ वर्षं हिनंच ओढलंय मला! आज तुम्हाला दिसलं, एवढंच!"

चढ लागला. श्यामसुंदर प्रामाणिकपणे पायडल मारू लागले.

"अहो, प्रश्न विचारा ना," पुढून आवाज आला.

"दम... दम लागलाय गं."

वसुधाबाईंनी खणखणीत घंटी वाजवली.