तांदळाच्या डब्यातली गोळी

मी एक दिवा बोलतोय. घर उजळणारा नव्हे हं! मुठीत मावणारा, डॉक्टर स्वतःच्या डोळ्याला लावून तुमच्या डोळ्यात डोकावतात ना, तो. पनवेलच्या डॉक्टर हदासाबाईंच्या हातात माझं आयुष्य गेलं.

काय सांगू, आत काय दिसतं! एवढीशी बाहुली, पण पलीकडे केशरी मैदान, त्यात पिवळसर चंद्र आणि चंद्रातून फुटलेल्या लाल शिरा. कुठेही न कापता माणसाच्या रक्तवाहिन्या उघड्या दिसतात, त्या इथेच. इतके डोळे पाहिले, तरी दर वेळी मी थक्क होतो. माणसं मात्र हे वैभव घेऊन खुशाल डोळे चोळत हिंडतात.

२००९च्या उन्हाळ्यात ताहिरा सासूबरोबर आली. नवरा शाहीद कतारहून लांब सुट्टीवर आलेला, आणि हिच्या डाव्या डोळ्यापुढे एकाएकी धुकं. समोरच्याचं तोंडच दिसेना. मी आत गेलो आणि हबकलो. शिरा फुगलेल्या, काठाने रक्त सांडलेलं.

"शीर तुंबलीय," बाई म्हणाल्या. "ताहिरा, काही गोळ्या घेतेस?"

"नाही."

"नीट आठव. कारण कळलं नाही तर दुसरा डोळाही धोक्यात येईल."

ताहिराने चोरून सासूकडे पाहिलं. "खरंच नाही."

तेवढ्यात सासू उसळली. "सांग ना गो! पाळणा लांबवायची गोळी खातेस ती! तांदळाच्या डब्यात पाकीट लपवतेस, आणि तांदूळ रोज कोण काढतं? मीच ना?"

ताहिराचा चेहरा पांढराफटक पडला. "अम्मी, तुम्हाला नातू हवा होता..."

"हवाच आहे. पण त्याला बघायला तुझे डोळे नकोत?"

ताहिरा हमसून रडली. माझी काचही ओलावली, खोटं कशाला बोलू?

बाईंनी समजावलं, "अशा गोळ्यांनी क्वचितच कुणाच्या रक्तात गाठ धरते. तुझं त्यानेच झालं, असं छातीठोक नाही सांगत. पण ही गोळी आता बंद. रक्त तपासू, आणि बायकांच्या डॉक्टर दुसरा उपाय सांगतील."

उपचार चालले, महिने गेले. हळूहळू रक्त विरलं. एकदा तपासणीच्या खुर्चीतून उजवा डोळा झाकून ताहिरा ओरडली, "अम्मी, तुमच्या हनुवटीवरचा तीळ दिसतोय!" कडेचं थोडं धुकं कायमचं राहिलं, पण तीळ दिसला.

आता मी म्हातारा झालोय. बल्ब मिणमिणतो, बाईंनी नवा दिवा घेतलाय. खणात पडल्या पडल्या एवढंच सांगतो, माझा उजेड तुमच्या बाहुलीतून आत जातो, मिटलेल्या ओठांतून जात नाही. ते तेवढे तुम्हीच उघडा.