पालथी तिकिटं

रंगरावांना पोस्टाच्या तिकिटांचं वेड होतं, आणि त्यातही पक्ष्यांची छायाचित्रं छापलेल्या, खास प्रसंगी काढलेल्या तिकिटांचं. पिंपरीच्या एका कंपनीत ते आलेलं-गेलेलं टपाल सांभाळत, त्यामुळे परदेशी पाकिटं आयतीच हाती येत. साहेबानं आतलं पत्र काढून घेतलं की पाकीट यांचं. दापोडीच्या दोन खोल्यांत भिंतीला एक धड कॅलेंडर नव्हतं, पण अल्बममध्ये जगभरचे खंड्ये, बगळे आणि घुबडं ऐटीत बसलेली होती. "अहो, पाखरांचे एवढे फोटो जमवता, आपला दोघांचा एक तरी काढू या की," असं त्यांची बायको नीला दर दिवाळीला म्हणायची, आणि रंगराव भिंगातून मान वर न काढता म्हणायचे, "काढू गं. पळून चाललोय का कुठं?"

गेली ती नीलाच. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात कावीळ झाली आणि बघता बघता सगळं आटोपलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी थोरल्या वहिनी, अंबुबाई, हार हातात घेऊन घरभर फिरल्या आणि शेवटी म्हणाल्या, "भावजी, हार घालायचा कशाला?" घरात नीलाचा एकही फोटो नव्हता. रंगरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याहून वाईट म्हणजे दिवाळीपर्यंत तिचा चेहराच त्यांना आठवेनासा झाला. आवाज आठवे, बांगड्या आठवत, पदराला पुसलेले ओले हात आठवत, पण चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड दिसे.

एका सकाळी कामावर निघताना त्यांनी सवयीनं पाकिटांचे कापलेले कोपरे परातीत भिजत घातले. संध्याकाळी कुलूप काढून आत आले, तर तिकिटं कागदापासून सुटून जुन्या पातळाच्या तुकड्यावर वाळत पडली होती. पालथी, डिंकाची बाजू वर, कोपऱ्यापासून तिरक्या ओळींत, पापड घालावेत तशी. रंगराव स्वतः ती वर्तमानपत्रावर कशीही टाकत. असं घालायची ती फक्त नीला.

त्यांनी शेजारच्या नूरबींना विचारलं.

"कोण येणार भाऊ? कुलूप तर तुमचंच," त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, "परातीचा आवाज मात्र आला. मला वाटलं, तुम्हाला सुट्टी आहे."

रंगराव घाबरले नाहीत. खरं सांगायचं तर किती तरी दिवसांनी ते त्या रात्री पोटभर जेवले. मग रोज तिकिटं भिजत घालणं सुरू झालं. पाकिटं संपली तेव्हा अल्बममधली जिवापाड जपलेली तिकिटं खळ लावून कागदावर डकवली आणि पुन्हा भिजवली. रंग गेले, कडा फाटल्या, पाखरं ओळखू येईनात, पण त्यांना त्याचं काही राहिलं नव्हतं. एकदा रजा टाकून ते दिवसभर परातीसमोर बसून राहिले. त्या दिवशी पाणी गढूळ झालं, एवढंच. आपण घरात असताना ती यायची नाही, हे त्यांना कळून चुकलं. घरात असून ते तरी कुठं घरात असायचे म्हणा!

अल्बम रिकामा झाला त्या सकाळी त्यांनी परातीत नुसतं पाणी ठेवलं आणि दाराशी थांबून म्हणाले, "नीला, चुकलं माझं. एकदा तोंड दाखव."

संध्याकाळी पातळाच्या तुकड्यावर एकच जाड कागद वाळत होता. पालथा, पोस्टकार्डाएवढा. रंगरावांनी तो उलटला. स्टुडिओत काढलेला फोटो होता; मागे रंगवलेला पडदा, पुढे कोरीव खुर्ची, आणि खुर्चीशेजारी, आत्ता अंगात होता त्याच सदऱ्यात, ते स्वतः उभे. असा फोटो त्यांनी जन्मात काढला नव्हता.

खुर्ची रिकामी होती. तिच्या पाठीच्या वीतभर वर, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, फोटोतल्या रंगरावांचा हात अलगद टेकलेला होता. मान खाली वळवून ते हसत होते, आणि त्यांना ती दिसत होती.