दहापैकी किती दुखतंय

नेमगोंडा मगदूमांचं जेवण सूर्य मावळायच्या आत उरकतं. जैन धर्म तसं सांगतो, आणि एकट्या माणसाला लांबवण्यासारखं काही नसतंही. बायको होती तेव्हा जेवणानंतर भांडायला वेळ पुरत नसे. ती गेली, आणि राजारामपुरीतल्या फ्लॅटमधली संध्याकाळ सरता सरेना. मुलगा सम्मेद बंगळुरूला. रविवारी फोन करतो, "बाकी काय?" विचारतो आणि उत्तर यायच्या आत ठेवतो.

गुडघे तेवढे सोबतीला होते. दोन्ही एकदम कुरकुरायला लागले. जवळच्या दवाखान्यात त्यांचंच रक्त काढून यंत्रात गरागरा फिरवलं आणि झीज भरून काढणाऱ्या प्लेटलेट्सचा पिवळा द्रव वेगळा केला. एका गुडघ्यात तो पांढऱ्या पेशींसकट टोचला, दुसऱ्यात त्या काढून टाकून.

"पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात," डॉक्टर अनुजा म्हणाली, "पण सांध्यात सूजही आणतात. कुठलं बरं ते आम्ही बऱ्याच जणांवर तपासतोय, म्हणून कुठल्या गुडघ्यात काय ते आत्ता सांगणार नाही. दुखणं थांबेपर्यंत मी रोज फोन करीन."

ती सात वाजता फोन करायची. "काका, दहापैकी किती दुखतंय?" मग, "आज भाजी काय?"

"दोडका."

"परत दोडका?" ती हसायची. त्या हसण्यावर नेमगोंडांची रात्र निघायची.

डावा भोपळ्यासारखा सुजला. चार दिवस भिंत धरून चालावं लागलं. मग तोही ओसरला. उजवा तर पहिल्यापासून गुणी बाळ. आता दोन्हींना शून्य म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण नेमगोंडा म्हणाले, "डावा गप हाय. उजवा लई ठसठसतोय बघ. पाच म्हण."

जन्मभराचं सत्यव्रत एका गुडघ्यापायी बुडवलं. पण फोन चालू राहिला.

पंधरा-वीस दिवसांनी अनुजाचा आवाज थकलेला वाटला. "काका, तुमच्या उजव्यात पांढऱ्या पेशी नव्हत्या. बाकी सगळ्यांचे तसे गुडघे लगेच शांत झाले. तुमचाच होत नाही. शाहूवाडीच्या तानाबाईंना सोमवारी इंजेक्शन आहे, भातलावण तोंडावर आलीय. आमचे सर म्हणतात, पेशी काढूनही दुखणार असेल तर काढायच्या कशाला, त्यांना पेशींसकटच देऊ."

नेमगोंडांना त्या न पाहिलेल्या तानाबाईचा आधी रागच आला. हिला आत्ताच कुठं गुडघा दुखवून घ्यायचा होता! पण डावा गुडघा त्यांनी भोगला होता. तसला पाय घेऊन बाई चिखलात उभी राहणार.

"पोरी, उजवा कधी दुखलाच न्हाय. मी खोटं बोललो."

"का पण, काका?"

"तुझा फोन बंद झाला असता की."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "काळजी घ्या." भाजीचं तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजून गेले. नेमगोंडा कठडा न धरता तीन मजले उतरले आणि चढून आले. कुठंही कळ नाही. हे कुणाला तरी सांगावं असं इतकं वाटलं, की रविवार नसताना त्यांनी सम्मेदला फोन लावला.

"काय झालं अप्पा?" सम्मेद घाबरला होता. "कुठं दुखतंय का?"

"न्हाय रे. कायबी दुखत न्हाय."

"मग ठीक आहे. मीटिंगमध्ये आहे, रविवारी करतो."