केवळराम सापडू नये म्हणून

कोर्टाचा बेलीफ नोटीस चिकटवाले दारावर खळ फासून राह्यला होता अन् रंभा बाजूले उभी राहून त्याले परत परत सांगत होती, "साहेब, हे तं माझंच घर आहे!"

"मालूम आहे बाई. केवळरामचा शेवटचा पत्ता हाच ना?"

पत्ता हाच होता. केवळराम घरजावई. नथ्थू ढिवराले ही एकच पोरगी, तलावात जाळं टाकाले माणूस पाहिजे म्हणून नथ्थूनं स्वतः जाऊन हा जावई निवडून आणला. अन् आठ वर्षांआधी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, 'वरोऱ्याच्या जिनिंगवर कामाले जातो' म्हणून जावई एसटीत बसला तो बसलाच. चिठ्ठी नाई, निरोप नाई. आता बायकोनं घटस्फोटाची केस टाकली, नवऱ्याचा पत्ता नाई, म्हणून नवऱ्याची नोटीस बायकोच्याच दारावर! शेजारची गिरजाबाई हसता हसता खालीच बसली.

"रंभे, वाचून घे वं! अन् तूच हजर होऊन ये!"

रंभाले हसू येत नव्हतं. समाजाची सोडचिठ्ठी नवऱ्याच्या हातून लागते, अन् इथी तो हातच गायब, म्हणून कोर्ट. आलापल्लीचा खुशाल फारेस्टात गार्ड होता, सरकारी माणूस. दोन वर्षांपासून म्हणत होता, कोर्टाचा कागद आण, दुसऱ्या दिवशी लग्न. वकीलबाईनं सांगितलं होतं, दारावर नोटीस, पेपरात जाहिरात अन् गावात दवंडी, एवढं करून तारखेले तो आला नाई तं केस त्याच्याबिगर चालते. म्हणजे केवळरामनं आणखी फक्त एक महिना गायब राहाचं होतं. आठ वर्षं राह्यला, महिनाभर काय जड होतं!

पण दवंडी दिली मंगरू कोतवालानं.

"ऐका हो ऐका! केवळराम जिथी असंल तिथून त्यानं गडचिरोलीच्या कोर्टात हाजिर व्हावं होऽ!" इथपर्यंत बराबर होतं. मंग त्यानं ढोलकं आणखी एकडाव बडवलं अन् आपल्या मनानं जोडून देलं, "त्याची बायको त्याले बोलावून राह्यली होऽ!"

झालं. सारं गाव विरघळलं. आठ वर्षांनंतरही पोरगी नवऱ्यासाठी कोर्टात गेली! जो तो केवळरामले धुंडाले लागला. बाजारले जाणारा बाजारात विचारे, सोयऱ्याकडं जाणारा सोयऱ्याले सांगून ये. रोज कोणी ना कोणी दारात हजर. चंद्रपूरच्या स्टँडवर दिसला. बल्लारशाले फुगे विकते. एकजण तं म्हनला, साधू झाला, पण बिडी पेते. रंभा चहा मांडे अन् हात जोडे.

"मंगरूभाऊ, मले तो नको आहे हो! नको म्हणून तं केस टाकली!"

"राग आहे तुह्या मनात," मंगरू बशीतला चहा फुंकत म्हणे. "राग आहे म्हणजे माया आहे."

सगळ्यात जास्त पेटला होता तिचा बापच. केस त्याले पसंतच नव्हती. कोणीतरी सांगितलं, सिरोंच्याच्या लाकडाच्या टालावर केवळरामसारखा माणूस आहे, अन् नथ्थूनं लगेच धोतर बदललं.

"बाबा, काऊन जाता? राहू द्या ना."

"जावई मी आणला होता. मीच आणून देतो."

तीन दिवस रंभाचं ध्यान रस्त्यावर. एसटीचा भोंगा वाजला की ती दाराआड जाऊन उभी राहे. तिसऱ्या दिवशी नथ्थू उतरला. एकटाच. पाय धुतले, जाळं मांडीवर घेतलं अन् तुटलेली घरं विणत बसला.

"भेटला?" रंभानं विचारलं.

"नाई."

तेवढंच. वर पाह्यलंही नाई.

तारखेच्या दिवशी गडचिरोलीले शिपायानं कोर्टाच्या दारातून तीनदा पुकारा केला. पहिल्या पुकाऱ्याले रंभानं डोळे मिटले. दुसऱ्याले मागं कोणाच्या तरी चपला वाजल्या, तिनं गर्रकन वळून पाह्यलं, पण तो माणूस पानाची पिचकारी टाकाले बाहेर चालला होता. तिसऱ्या पुकाऱ्याले कोणीच हललं नाई.

साक्षीले नथ्थू उभा झाला. जजसाहेबानं विचारलं, "तुम्ही जावयाचा शोध घेतला?"

"घेतला साहेब."

"सापडला का?"

नथ्थूनं टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली.

"नाई साहेब. नाई सापडला."

दुपारून निकाल झाला. वकीलबाई म्हनली, सुटलीस पोरी! अन् रंभा कोर्टाच्या पायरीवरच बसली. मंग एकदम भूक लागली, आठ वर्षांची लागल्यासारखी. स्टँडवर तिनं भज्यांचा मोठा पुडा घेतला अन् गाडीत बसल्याबरोबर खाणं सुरू.

गाडी गडचिरोली सोडून जंगलात लागली तरी नथ्थू खिडकीबाहेरच पाहून राह्यला होता.

"पोट सुटलं त्याचं," तो म्हनला.

"कोणाचं बाबा?"

नथ्थूनं खिडकीतून तोंड वळवलं.

"केवळरामचं. टालावर मी नोटिशीचं सांगितलं तं येतो म्हनला. हजर होतो म्हनला. आयतं घर, आयता तलाव, काऊन नाई येणार? थैली भरून माह्या आधी स्टँडवर उभा."

रंभाच्या हातातलं भजं हातातच राह्यलं. "मंग?"

"मंग काय. मी त्याच्याकडं नीट पाह्यलं अन् म्हनलं, माफ कर गा, माणूस चुकला माह्या हातून. अन् एकटाच गाडीत चढलो."

रंभानं पुडा उचलून बापाच्या मांडीवर ठेवला. नथ्थूनं त्यातलं सगळ्यात मोठं भजं शोधलं, अन् ते तिलेच देलं.