वय महिन्यांत

डॉक्टरीणबाईंचा फोन सकाळी दहालाच आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त लागला.

"तुमच्या संग्रहात मी तीन वेळा शोधलं. लहान मुलं, हे औषध, बहिरेपणा. काही मिळालं नाही, म्हणून औषध दिलं. आता मुलीला डाव्या कानाने ऐकू येत नाही. आणि काल कळलं, धोका सांगणारा लेख नऊ वर्षं तुमच्याकडेच पडलाय."

"वय काय मुलीचं?"

"बावीस महिने."

मी लेख उघडला. वैद्यकीय नियतकालिकांतला लेख वाचायचा आणि तो कशाबद्दल आहे, कोणत्या वयाच्या रुग्णांबद्दल आहे, त्याच्या खुणा लावायच्या, हे माझं सव्वीस वर्षांचं काम. त्या खुणांवरूनच डॉक्टरांना लेख सापडतो. खूण चुकली की लेख असून नसल्यासारखा. याला खूण होती 'प्रौढ'. खाली लावणाऱ्याची आद्याक्षरं माझीच.

चौथ्या पानावर तक्ता होता. रुग्णांची वयं एकोणीस, चोवीस, एकतीस, चाळीस. आणि पार तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत: वय महिन्यांत. नव्याने कामाला लागलेल्या मुलींना मी पहिल्याच दिवशी बजावते, तक्ता तळापासून वाचा. आणि मीच वाचला नव्हता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

संचालक माझ्या लेकीच्या वयाचे. मी त्यांना साहेब म्हणते, ते मला बाई.

"त्यात काय एवढं, बाई? गुपचूप खूण बदला, विषय संपला."

"तसं केलं तर फक्त आपल्याकडे बदलेल, साहेब. एकेचाळीस ग्रंथालयांनी ही नोंद आपल्याकडून उतरवून घेतलीय. तिथे ही मुलं प्रौढच राहतील. रीतसर दुरुस्ती लावली तरच सगळ्यांना सूचना जाते."

"आणि सूचनेत आपली चूक दिसते. कायमची. आठ महिन्यांनी निवृत्त होताय, कशाला डोक्याला ताप? ते नियतकालिक कधीच बंद पडलंय. रीतसर वगैरे काही लावायचं नाही."

"मग तसं लेखी द्या."

लेखी म्हटल्याबरोबर साहेबांना एक मीटिंग आठवली.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "सव्वीस वर्षं नाकासमोर चाललीस. आता कशाला वाकड्यात शिरतेस?"

"नाकासमोरच तर चालले. खाली पाहिलं नाही, तिथेच फसले."

तो म्हणाला, "कर तुला काय करायचं ते. तू ऐकणार थोडीच आहेस."

दुरुस्तीच्या अर्जात कारण निवडावं लागतं. प्रकाशकाची चूक, तांत्रिक बिघाड, इतर. आमच्याकडे सगळे तांत्रिक बिघाड निवडतात, कारण यंत्र बिचारं उलटून बोलत नाही. मी 'इतर' निवडलं आणि लिहिलं: खुणा लावणारीने तक्त्याची तळटीप वाचली नाही. सर्व रुग्ण साडेतीन वर्षांखालील बालके. खाली आद्याक्षरं नाही, पूर्ण नाव घातलं. आणि बटण दाबलं.

चार वाजता साहेब माझ्या टेबलाशी उभे.

"कुणाला विचारून केलंत? दोन ग्रंथालयांचे फोन आले."

"फक्त दोन? बाकीचे उद्या येतील."

"मी ती दुरुस्ती काढून टाकायला लावीन."

"लावा की. तीन शहरांत संग्रहाच्या तीन प्रती आहेत. एकीतून काही पुसलं तर सोमवारी यंत्र तिघींना ताडून पाहतं आणि पुसलेलं परत घालतं. शंभर वर्षं टिकावं म्हणून केलेली सोय आहे, साहेब. तिच्या उद्घाटनाचं भाषण तुमचंच होतं."

साहेब लाल झाले आणि गेले. मला कारणे दाखवा नोटीस आली. कारण मी आधीच लिहून ठेवलं होतं, तेच उतरवून दिलं.

सोमवारी तिन्ही प्रती जुळल्या. तिघींत जुनी खूण, नवी खूण आणि माझी चूक शाबूत होती. मी शोधून पाहिलं. लहान मुलं, हे औषध, बहिरेपणा. पहिलाच लेख तो आला. त्या मुलीच्या कानाला याचा काडीचा उपयोग नाही, हे मला कळतं, आणि ते मी विसरणार नाही. पुढच्या पोराचा कान वाचेल. नोंद छापून मी टेबलाच्या काचेखाली सरकवली, साहेबांना येता-जाता दिसेल अशी.