दोघांत एक दुलई

मी एक दुलई बोलतेय. अंगाने चांगली ऐसपैस, दोन माणसं सहज मावतील एवढी. आणि हेच माझं दुर्दैव, कारण माझा जन्म नॉर्वेत झाला. आमच्याकडे नवराबायकोचा पलंग एक असला तरी दुलया दोन असतात. त्याची त्याला, तिची तिला. त्यामुळे बर्गन शहरातल्या एका दुकानात मी खालच्या फळीवर धूळ खात पडले होते. गिऱ्हाइकं मला चाचपायची, पुरती उलगडायची आणि घडीही न घालता निघून जायची.

अखेर मला उचललं तूर्गेरने. हा चित्रपटांचा दिग्दर्शक. त्याच्या नव्या चित्रपटात मोडता मोडता वाचलेला एक संसार होता, आणि शेवटी रविवारी सकाळी ते जोडपं समेट करतं. हा प्रसंग लिहिला होता त्याच्या बायकोने, गुन्वोरने. तिला तो कुठे सुचला हे तूर्गेरला पक्कं ठाऊक होतं. आदल्याच हिवाळ्यात तो भांडून भावाकडे राहायला गेला होता.

तूर्गेरला दोघं एकाच दुलईत हवे होते, परदेशी चित्रपटांत असतात तसे. गुन्वोरला ते मुळीच पटेना.

"लोक विचारतील, यांची दुसरी दुलई धुवायला टाकलीय का?" ती म्हणाली. "हसले ना कोणी, तर माझं नाव काढून टाक त्यातून. मी जगलेय ते."

तूर्गेर कसला ऐकतो! नट आणि नटी माझ्याखाली शिरले, गालाला गाल लावून गोड हसले. पुन्हा हसले. अजून एकदा हसले. खरं सांगते, माझ्यातल्या पिसांनाही कंटाळा आला. दिवे सांभाळणारा तर उघड जांभया देत होता.

"उठा, आम्ही दाखवतो," म्हणत तूर्गेरने गुन्वोरलाच पलंगावर ओढलं. मग काय, महाभारत सुरू झालं.

"पाय आहेत की बर्फातले मासे? लांब ठेव."

"आणि तू सगळी दुलई ओढलीस त्याचं काय? माझी पाठ उघडी पडलीय."

"म्हणून तर दोन असतात, शहाण्या."

असं फणकारत तिने माझी कड त्याच्या पाठीवर सारली आणि खांद्याखाली नीट खोचली. त्याच्याकडे न बघताच. तूर्गेरने चमकून मान वळवली.

"तू माझी पाठ झाकलीस," तो म्हणाला.

"सवय आहे. तू भावाकडे होतास ना, तेव्हाही झोपेत हात तुझ्या दुलईकडे जायचा."

जांभया थांबल्या. माझाही ऊर भरून आला. आता आपलं सोनं झालं, असं मला वाटलं.

कसलं सोनं! तूर्गेरने लगेच दोन दुलया मागवल्या आणि मला काढून टाकलं. चित्रपटातली बायको भांडता भांडता हात लांब करून नवऱ्याची दुलई खोचते. त्या जागी थिएटरात कोणी हसलं नाही म्हणे. गुन्वोरचं नाव राहिलं.

आता मी त्यांच्या घरी सोफ्यावर असते, मांजराखाली. तुम्हाला एकच सांगणं. पडद्यावर माझ्यासारखी ऐसपैस दुलई दिसली, तर नायक-नायिकेच्या हसण्याला भुलू नका. पाठ कोणाची उघडी आहे ते बघा, आणि ती झाकायला हात येतोय का, तेवढं बघा.